डब्यातली पोळी

‘पुरे,’ नाना म्हणाले आणि त्यांनी ताटावर आडवा हात धरला.

माझ्या हातात तव्यावरून नुकतीच उतरवलेली पोळी होती. टम्म फुगलेली, पापुद्र्यातून वाफ निघत होती. बोटं भाजत होती म्हणून मी ती या हातातून त्या हातात करत उभी. त्यांच्या ताटात सकाळपासून खपून केलेलं वालाचं बिरडं जसंच्या तसं होतं आणि पहिल्या पोळीचा एक कोपरा तेवढा मोडला होता.

‘नाना, एकसुद्धा संपली नाही अजून.’

‘भूक नाही गं.’

‘काल पण नव्हती.’

‘आणि हे बघ सुनंदा,’ ते उठता उठता म्हणाले, ‘तू अशी एकेक पोळी आणून वाढत जाऊ नकोस. सगळ्या करून डब्यात ठेव. मला डब्यातली चालेल.’

झालं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कारण टिपणिसांच्या घरात नानांनी डब्यातली पोळी खाल्ल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या नवऱ्याने, गिरीशने, पहिल्या आठवड्यात एकच ताकीद दिली होती: नानांना पोळी तव्यावरून थेट ताटात लागते. चुकून डब्यातली वाढली गेली तर ते बोलायचे काही नाहीत. नुसती ताटाच्या कडेला सारून ठेवायचे आणि माझ्या सासूबाई, माई, मुकाट्याने पुन्हा पोळपाटाशी जायच्या. तोच माणूस आता मला सांगत होता, डब्यातली चालेल. म्हणजे तुझ्या पोळीला तवा काय आणि डबा काय, सारखंच, असंच ना? मला तरी त्याचा तोच अर्थ लागला.

माई जाऊन तेव्हा चार-पाच महिने झाले असतील. आम्ही माहीमला राहायचो. घरात नाना, गिरीश आणि मी. गिरीशची नोकरी फिरतीची, त्यामुळे बहुतेक दिवस आम्ही सासरे-सूनच. मी अमरावतीची. आमच्याकडे रश्श्यावर तेलाचा तवंग दिसला नाही तर पाहुण्याला वाटतं, यजमानाचं काहीतरी बिनसलंय. टिपणीस पडले सीकेपी. त्यांच्याकडे सकाळी नाश्त्याला बसलं की दुपारी काय करायचं यावर चर्चा, आणि दुपारी जेवताना रात्रीची. सोड्याची खिचडी, कोलंबीचं कालवण, भानोली, सणासुदीला कानवले. माईंनी मला हे सगळं शिकवलं. वाल भिजवून मोड आणायचे आणि मग दोघींनी समोरासमोर बसून एकेक दाणा सोलायचा. सोलता सोलता त्या अख्ख्या बिल्डिंगची खबर द्यायच्या.

पुरुषांची पानं उठली की आम्ही दोघी मागाहून बसायचो. तोवर पोळ्या डब्यात घाम सुटून लिबलिबीत झालेल्या असायच्या आणि बिरडं कोमट. माई पहिला घास मोडत म्हणायच्या, ‘चला, आता निवांत.’ मला त्यात वावगं काही वाटायचं नाही. माझी आईसुद्धा अशीच जेवायची.

माई गेल्या आणि नानांचं जेवण तुटलं. आधी वाटलं, दुःख आहे, होईल कमी. पण सदरे अंगावर लोंबायला लागले, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. डॉक्टर धुरींनी सगळ्या तपासण्या केल्या. आजार कसलाच निघाला नाही. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘सूनबाई, हे असंच चाललं तर भरती करून नळीने भरवावं लागेल. या वयात एकदा नळी लागली की माणूस पुन्हा उभा राहणं कठीण. काय वाट्टेल ते करा, पण खायला घाला.’

आता मला सांगा, ज्या घरात खाणं हाच कुळाचार, तिथे सासरा उपाशी मरतोय म्हटल्यावर बोट कुणाकडे जाणार? गिरीश फोनवर म्हणाला, ‘जरा माईसारखं करून बघ ना.’ बिचारा चांगल्या मनाने म्हणाला, पण मी फोन ठेवल्यावर रडले. माईसारखंच तर करत होते. तेच वाल, तोच गूळ, तीच आमसुलं. आणि माईसारखीच तव्याशी उभी राहून एकेक गरम पोळी ताटात नेत होते. जितकं म्हणून मनापासून करावं तितके नाना दोन घास कमीच खायचे.

अशात एकदा समोरच्या सामंतवहिनी दारात आल्या.

‘तुमच्या सासऱ्यांना बरं वाटतंय वाटतं,’ त्या म्हणाल्या.

‘का हो?’

‘काल गिरगावात दिसले. हॉटेलात बसले होते. पुढ्यात बटाटेवड्याची प्लेट.’

मी हसून वेळ मारून नेली, पण आतून माझा तिळपापड झाला. घरी माझं बिरडं कडू लागतं आणि इतक्या लांब जाऊन वडे गोड लागतात? संध्याकाळी नाना आले तशी मी विचारलंच. माझ्या जिभेला गप्प बसायची सवय नाही.

‘वडे कसे होते नाना?’

ते चपला काढता काढता थांबले. ‘कुणी सांगितलं?’

‘सांगितलं कुणीतरी. तुम्हाला घरचं आवडत नसेल तर तसं सांगा. मला राग नाही येणार.’

‘तुला आत्ताच आलाय,’ नाना म्हणाले.

मग खुर्चीत बसून त्यांनी पंच्याने मान पुसली. शेवटी म्हणाले, ‘खाल्ले नाहीत मी. मागवले आणि तसेच ठेवून आलो.’

‘ते कशाला?’

‘तेच बघायला गेलो होतो, एकट्याला जातात का. नाही गेले.’

मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण त्या माणसाचा चेहरा बघून राग मात्र उतरला. मी म्हटलं, ‘एकट्याला जात नाहीत ना? मग उद्या मी येते. काय काय आवडतं ते सगळं दाखवा मला. मुंबईत येऊन इतके दिवस झाले, माझी धाव दादरच्या भाजीगल्लीपर्यंत.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘खरंच येशील?’

‘न यायला काय झालं? फुकटचे वडे कोण सोडतो.’

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. डबलडेकर बसमध्ये वर, अगदी पुढची जागा मिळाली. नाना खिडकीतून बोट दाखवत बोलायला लागले आणि मी बघतच राहिले, कारण इतकं ते चार महिन्यांत मिळून बोलले नव्हते. इथलं फरसाण चांगलं, पण तेल जुनं. त्या गल्लीत पूर्वी एक बाई ओल्या नारळाच्या करंज्या विकायची. त्या कोपऱ्यावर उसाचा रस प्यायचा, बर्फ न घालता.

‘नाना, तुम्हाला इतकं कधी ठाऊक झालं हो? माई तर म्हणायच्या तुम्ही बाहेरचं खातच नाही.’

‘निवृत्त झाल्यावर,’ ते म्हणाले. ‘आम्ही दोघं व्याख्यानाला जायचो, आठवतंय ना?’

आठवत होतं. महिन्यातून एकदा दोघं नटूनथटून व्याख्यानाला जायचे. माई जरीच्या काठाची साडी नेसायच्या. आले की म्हणायच्या, ‘आज आम्हाला जेवायला नको गं, डोकं जड झालंय.’

‘कसलं व्याख्यान,’ नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले.

मी हसायला लागले ती थांबेचना. शेजारच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. माझ्या सासूबाई, ज्या मला बाहेरच्या पावभाजीवरून बोलायच्या, त्या महिन्यातून एकदा गिरगावात वडे हाणून येत होत्या.

हॉटेल साधंच होतं. संगमरवरी टेबलं आणि भिंतीला आरसे. वडे आले. नानांनी दोन्ही प्लेटा माझ्या पुढ्यात सरकवल्या.

‘आधी तू.’

‘तुम्ही घ्या ना, मोठे तुम्ही.’

‘आधी तू. गरम आहे तोवर.’

मी वडा मोडला. आतून वाफ आली, आल्याचा वास आला. चटणीत बुडवून तोंडात टाकला. जीभ पोळली, पण सोडवेना. नाना माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, हं, आता कळलं. सासरेबुवा मला शिकवायला घेऊन आलेत. ही चव ओळख आणि घरी जाऊन कर, सरळ बोलायचा संकोच म्हणून ही युक्ती. मग मी पण परीक्षेला बसल्यासारखी लक्ष देऊन खायला लागले.

‘कसा आहे?’

‘आलं-लसूण ठेचून घातलंय, वाटून नाही. हिरवी मिरची. लिंबू अगदी थोडं. आणि बेसनात...’

‘ते राहू दे गं,’ नाना म्हणाले. ‘गरम आहे ना?’

‘गरम तर आहेच. चटका बसला.’

‘हां,’ ते म्हणाले, आणि मी जणू काय मोठं सांगितलं अशा समाधानाने त्यांनी आपली प्लेट ओढून घेतली. दोन्ही वडे खाल्ले. वर पियुष मागवलं, तेही संपवलं. मी टेबलाखाली हात जोडले.

तिथून फोर्टात एका इराण्याकडे. तिथे ब्रून पाव, त्यावर बोटभर जाड लोणी, आणि चहा. मस्का विरघळून पावाच्या खळग्यात उतरला होता. पुन्हा तेच. आधी तू. गरम आहे तोवर. मी खाल्लं की मगच नाना खाणार. मग खिमा आला. मी म्हटलं, नाना, पोट फुटेल आता. तर म्हणाले, ‘फुटत नाही. माईचं नाही फुटलं कधी.’ शेवटी अंड्याचं पुडिंग. ते मात्र गार होतं, म्हणून बहुतेक, त्यांनी आधी घेतलं. मला तेव्हा त्यातलं काही लक्षात आलं नाही. मी आपली खुशीत. सासरा जेवला होता. बसमध्ये त्यांना डुलकी लागली आणि त्यांची मान माझ्या खांद्यावर कलंडली, तरी मी हलले नाही.

रविवारी मी घरी वड्यांचा घाट घातला. आलं-लसूण ठेचलं, वाटलं नाही. लिंबू बेताने पिळलं. चटणी तशीच केली. जोडीला कणीक मळून ठेवली, आमटी केली. नानांना बसवलं आणि कढईशी उभी राहिले. एक वडा तळायचा, झाऱ्यावर निथळायचा, तस्सा त्यांच्या ताटात. वडा जमला होता, हे मला तळतानाच कळलं होतं.

नानांनी अर्धा खाल्ला. दुसरा घेऊन गेले तर ताटावर आडवा हात.

‘पुरे.’

मी गॅस बंद केला. झारा ओट्यावर टाकला तो इतक्या जोरात की भिंतीवर तेल उडालं.

‘नाना, आज मला सांगाच. माझ्या हाताला काय झालंय? तिथे दोन खाल्लेत, पाव खाल्लात, खिमा खाल्लात. इथे अर्धा जात नाही. धुरी म्हणतात, भरती करायचं. नाकात नळी घालायची म्हणतात. लोक म्हणतील, अमरावतीच्या सुनेने सासऱ्याला उपाशी मारलं. लोकांचं जाऊ द्या, मला काय वाटत असेल? मला बाप नाही नाना. तुम्हीच आहात. माझं काय चुकतंय ते एकदा तोंडाने बोला.’

बोलता बोलता मी रडायलाच लागले. नाना उठले नाहीत. ताटातल्या अर्ध्या वड्याकडे बघत बसले.

‘तुझं काही चुकत नाही,’ ते म्हणाले. ‘तू अगदी तिच्यासारखं करतेस. तिथेच उभी राहतेस. तशीच पदराला हात पुसत येतेस, ताटात बघतेस, परत जातेस. घास घशाखाली उतरत नाही गं माझ्या.’

मी डोळे पुसले. ‘माईंची आठवण येते म्हणून?’

‘आठवण नाही. आठवण आली तर बरंच आहे.’ ते थांबले. ‘निवृत्त झालो त्या वर्षी आम्ही गिरगावात एकाकडे भेटायला गेलो होतो. यायला उशीर झाला, भूक लागली. मी म्हटलं, चल, काहीतरी खाऊ. ती नकोच म्हणत होती. घरी गेल्यावर मी करते की, म्हणाली. मी ओढून नेली. वडे आले. तिने चावा घेतला आणि तिला चटका बसला. डोळ्यांत पाणी आलं, तशीच हसायला लागली. म्हणाली, अहो, वडा इतका गरम असतो होय?’

मी ओट्याला टेकले.

‘मी म्हटलं, अगं, जन्मभर वडे तळलेस तू. तर म्हणाली, तळले हो. खाल्ले कुठे?’

स्वयंपाकघरात कढईतलं तेल निवत होतं, त्याचा बारीक आवाज येत होता. नाना ताटाच्या कडेवरून बोट फिरवत होते.

‘मग दर महिन्याला न्यायला लागलो. मला वाटायचं, मी केवढं करतोय बायकोसाठी. तिला गरम गरम खाऊ घालतोय. आणि घरी आलो की मी पुन्हा ताटावर, ती तव्याशी. डब्यातली वाढली की सारून ठेवायची. पस्तीस वर्षं. मला एकदाही सुचलं नाही सुनंदा, की त्यासाठी गिरगावला जायला नको. इथेच ती बसली असती आणि मी उठलो असतो तरी झालं असतं. एकदाही तिला म्हटलं नाही, तू बस. ती गेल्यावर सुचलं. आणि मग तू उभी राहिलीस.’

‘मग आधी का नाही बोललात?’

‘बोललो होतो. डब्यात ठेव म्हणालो होतो.’ ते कसंनुसं हसले. ‘तुला राग आला.’

आता माझ्या जागी एखादी समंजस सून असती तर तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला असता, काहीतरी धीराचं बोलली असती. मला तसलं येत नाही. मी नाक पुसलं आणि म्हटलं, ‘मग उठा ना आता.’

‘काय?’

‘उठा. मी बसते. माईंना नाही म्हणालात, मला म्हणा. तेल अजून कढत आहे, कढईला हात लावायचा नाही. कणीक मळलेली आहे. पोळी करा.’

नानांनी जन्मात लाटणं धरलं नव्हतं. तरी उठले. सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, आणि ऑफिसात सही करायला बसावं तसे गंभीर चेहऱ्याने पोळपाटापुढे उभे राहिले. मी त्यांच्या खुर्चीत, त्यांच्याच ताटापुढे बसले. खुर्चीतून स्वयंपाकघर वेगळंच दिसत होतं.

‘तेल लाव. घडी घाल. पीठ भुरभुरव थोडं. अहो, इतकं नको, होळी नाही खेळायची.’ रागात आणि घाईत मी त्यांना अरेतुरे करत होते, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पोळी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला फाटलेली झाली. तव्यावर टाकताना तिची एक कड दुमडली, ती तशीच राहिली. उलथताना नानांचं बोट भाजलं. त्यांनी ते तोंडात घातलं, आणि तोंडात बोट घालूनच दुसऱ्या हाताने ती करपलेली, कच्ची पोळी माझ्या पुढ्यातल्या ताटात आणून टाकली. वर चमचाभर तूप सोडलं. तूप पसरून खाली गेलं.

‘खा,’ ते म्हणाले. ‘गरम आहे तोवर.’

मी घास मोडला. बोटाला चटका बसला. आमटीत बुडवून तोंडात टाकला आणि चावत राहिले, कारण चावल्याशिवाय ती पोळी खाली जाणं शक्य नव्हतं. नाना उलथणं हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत उभे.

‘कशी आहे?’

‘गरम आहे,’ मी म्हटलं, आणि मला पुन्हा रडू आलं.

त्यांनी आणखी पोळ्या केल्या. एकीचाही आकार दुसरीशी जुळत नव्हता. मला पोटभर झाल्यावर उरलेल्या डब्यात घातल्या, वर झाकण लावलं आणि ओटा पुसला. मी उठायला लागले तर म्हणाले, बस. मग हात धुऊन ते माझ्या समोर बसले. दुसरं ताट घ्यायचं राहिलंच होतं, म्हणून मी त्याच ताटात डब्यातली एक पोळी काढून ते त्यांच्यापुढे सरकवलं. घाम सुटून ती मऊ पडली होती. नानांनी तिचा मोठा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि खाल्ला. दुसरा मोडला. मी ताटावर हात आडवा येईल म्हणून वाट बघत होते. पोळी संपली. आमटी संपली. मघाचा अर्धा वडा राहिला होता, गार झालेला, तोही त्यांनी खाल्ला.

मग ताट माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, ‘आणखी एक वाढ. डब्यातलीच.’